पाणी, पोलाद आणि धातूची काच

(द्वितीय वर्ष, कला)

१८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि कुर्डुवाडीचे लोखंडाशी नाते जडले. आमच्या घरी ते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे; वडील लोहारकाम करतात. विळा लाल तापवून ते पाण्यात बुडवतात. त्याला 'पाणी देणे' म्हणतात. कॉलेजात आल्यावर मी एकदा ऐटीत म्हणालो, "आबा, झटकन थंड केलं की पोलादाची काच होते." ते हसले. "काच झाली असती तर दगडाला लागताच खळ्ळकन फुटली असती. इळा असा फुटतोय व्हय?" मला उत्तर सुचले नाही. ग्रंथालयात शोधले, तेव्हा चूक माझीच होती असे कळले.

शास्त्रात काच म्हणजे अणुरेणूंची शिस्तबद्ध मांडणी नसलेला घन पदार्थ. साखरेचा दाट पाक सावकाश निवाला, तर रेणूंना रांगेत बसायला वेळ मिळतो आणि खडीसाखर होते. चिक्कीचा कडक पाक ताटात ओतताच निवतो; रेणू जागच्या जागी अडकतात. ती साखरेची काचच होय.

धातूचे अणू मात्र फार लवकर रांगा धरतात. वितळलेला धातू गोठणबिंदूखाली नेला तरी काही काळ द्रव राहू शकतो. यास अतिशीतन म्हणतात. पण स्फटिकाचे बीज जमले की तो गोठू लागतो. बीज जमण्यापूर्वीच अणू खिळवून टाकले, तरच काच मिळते. १९६० साली कॅलिफोर्नियात पोल ड्युवेझ व सहकाऱ्यांनी सोने-सिलिकॉनच्या वितळलेल्या मिश्रधातूपासून ती प्रथम मिळवली. त्यासाठी सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाने तो थंड करावा लागला! आबांच्या पाण्यात एवढा वेग कोठला? तेथे पोलादाच्या स्फटिकांची रचना बदलते, कार्बन त्यात अडकतो आणि पोलाद कठीण होते. पण स्फटिक राहतातच. पुढे १९९३ मध्ये झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबे, निकेल व बेरिलियम यांचे असे मिश्रण सापडले की सेकंदाला एखादा अंश वेगही पुरला. लहानमोठ्या अणूंना रांग धरणे जमत नाही, हे त्याचे कारण.

साधा धातू वाकतो, कारण स्फटिकातील अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. धातूच्या काचेत असे थर नाहीत. म्हणून ती फार बळकट असते आणि सुमारे दोन टक्के ताणली तरी पूर्ववत होते. परंतु मर्यादा ओलांडली की सारा ताण एका अरुंद पट्ट्यात एकवटतो व ती अचानक तुटते. तिचा उपयोगही घराजवळचा आहे. लोहाच्या अशा काचेची पट्टी एका मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतकी पातळ असते. विजेच्या रोहित्राच्या गाभ्यात ती वापरली, तर गाभ्यात वाया जाणारी वीज नेहमीच्या पोलादाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशावर येते.

हे सारे आबांना सांगितले. त्यांनी विचारले, "मग ती काच परत भट्टीत घातली तर?" मी सांगितले, की ठरावीक उष्णतेला ती काकवीसारखी मऊ होते, साच्यात दाबता येते, पण ताव वाढला वा वेळ लांबला, की अणू रांगा धरतात, काच संपते आणि बहुधा धातू ठिसूळ होतो.

"म्हंजे तिलाबी ताव सांभाळावा लागतोय," ते म्हणाले. पाणी दिलेला विळा टिचू नये म्हणून ते त्याला पुन्हा हलका शेक देतात. किती शेक द्यायचा, ते पोलादाच्या रंगावरून ओळखतात. आता मी तो रंग शिकतो आहे.