स्वप्रकाशित इ-पुस्तकातील दोष : शोध व दुरुस्ती

शिक्षकाने मुलांसाठी लिहिलेली गोष्टींची पुस्तिका, गावच्या बोलीतील शब्दांचा संग्रह किंवा परिसर अभ्यासाची टिपणे ही पूर्वी बहुधा हस्तलिखिताच्या रूपातच कपाटात राहत. छपाईचा खर्च एकट्याला झेपणारा नसे. आता प्रकाशकाच्या मध्यस्थीवाचून पुस्तक संगणकावर तयार करून विक्रीस अथवा विनामूल्य वाचनास ठेवता येते. ॲमेझॉनच्या किंडल दुकानात मराठी इ-पुस्तकांचे दालन २०१६ साली उघडले. प्रथम बुक्स या संस्थेचे स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचे मुक्त ग्रंथालय २०१५ साली सुरू झाले, व तेथे मराठी गोष्टीही आहेत.

मार्ग खुला झाला हे खरे. परंतु त्याबरोबर जुळारी, मुद्रितशोधक आणि वितरक या तिघांची कामे एकट्या लेखकाच्या अंगावर आली. त्यांतील एखादे काम कच्चे राहिले की पुस्तक अडते. कधी फाइल स्वीकारलीच जात नाही. कधी ती स्वीकारली जाते, पण वाचकाच्या मोबाइलवर अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात. कधी पुस्तक उत्तम दिसते, मात्र त्याचे नाव लिहून शोधले तर सापडत नाही. यांतील शेवटचा प्रकार सर्वांत हानिकारक समजावा, कारण त्याची तक्रार कोणीच करीत नाही. ज्याला पुस्तक सापडले नाही, तो ते नाहीच असे समजून निघून जातो.

दोष दिसताच फाइल पुन्हापुन्हा चढवीत बसणे हा उपाय नव्हे. दोष अक्षरांत आहे, फाइलीच्या बांधणीत आहे की विक्रीपानावरील नोंदीत आहे, हे आधी ठरवावे, आणि तपासणी याच क्रमाने करावी. अक्षरे बिघडलेली असताना बांधणी कितीही सुधारली, तरी व्यर्थ.

प्रथम अक्षरांचा विचार करू. अनेकांची जुनी टिपणे कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या टंकांत टंकलिखित केलेली आहेत. या टंकांच्या जुन्या पद्धतीत संगणकाच्या स्मरणात मराठी अक्षर साठवलेलेच नसते. तेथे रोमन अक्षर असते, आणि टंक त्याला देवनागरीचे रूप देतो. कृतिदेवात ‘राम’ हा शब्द वस्तुतः जे, के, ई या तीन रोमन अक्षरांच्या रूपाने साठवलेला असतो. तो टंक नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की राम नाहीसा होऊन ती तीन रोमन अक्षरे उरतात. युनिकोड पद्धतीत मात्र प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. टंक बदलला तरी वर्ण बदलत नाही. यावरून परीक्षा सोपी होते. सर्व मजकूर निवडून त्याला मंगल किंवा मुक्त यांसारखा युनिकोड टंक लावावा. मराठी मराठीच राहिली, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन अक्षरांची गर्दी दिसली, तर रूपांतर करणे आवश्यक आहे.

वाचकाने कळविलेल्या लक्षणांवरूनही निदान करता येते. अर्थहीन रोमन अक्षरे दिसत असतील, तर मूळ मजकूर जुन्या पद्धतीचा आहे. रिकामे चौकोन दिसत असतील, तर मजकूर ठीक असून वाचकाच्या यंत्रात योग्य टंक नाही. अशा वेळी टंक पुस्तकाच्या फाइलीत अंतर्भूत करावा. नोटो व मुक्त हे टंक मुक्त परवान्याचे असल्याने त्यांना अडचण येत नाही. विकत घेतलेल्या टंकाचा परवाना मात्र आधी वाचावा. अक्षरे दिसतात पण जोडाक्षरे सुटून पाय मोडलेली दिसतात, अशी तक्रार आली, तर दोष बहुधा वाचनाच्या यंत्राचा वा आज्ञावलीचा असतो. पुस्तक दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावे, म्हणजे खात्री पटेल.

रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. तरी त्यांच्या कामाचे मुद्रितशोधन केल्यावाचून ते स्वीकारू नये. जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते त्याप्रमाणे व्यंजनाच्या आधी टंकलिखित होई, आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो : वेलांटी व्यंजनाच्या नंतर, आणि रफाराचा ‘र्’ पुढच्या व्यंजनाच्या आधी. ही उलटापालट करताना साधन चुकते ते बहुधा जोडाक्षरांपाशी. म्हणून ‘स्थिती’, ‘शक्ती’, ‘मार्गदर्शक’, ‘आर्द्रता’ अशा शब्दांवर विशेष लक्ष ठेवावे. मुलांची शुद्धलेखनाची वही तपासणाऱ्या शिक्षकाला या कामाची सवय असते. येथे मात्र वही संगणकाने लिहिलेली आहे, आणि त्याच्या चुका ठरावीक जागीच होतात, एवढाच फरक.

मराठीच्या दोन खास खोडी येथे सांगणे अवश्य आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. दुसऱ्या शब्दातील आडवा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत त्यासाठी ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण वापरतात. दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देतात. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, पण संगणकाला ते दोन भिन्न शब्द वाटू शकतात. ‘ॲ’ची कथाही तशीच. युनिकोडने २००८ साली या अक्षराला स्वतंत्र क्रमांक दिला. त्यापूर्वीची ‘अ’वर चंद्र ठेवण्याची रीतही अद्याप चालू आहे. समजा, पुस्तकाच्या नावात ‘दऱ्याखोऱ्यांतील’ हा शब्द आहे. विक्रीपानावर तो एका रीतीने लिहिलेला आणि वाचकाच्या कळफलकावर दुसऱ्या रीतीने उमटणारा, असे झाले, तर शोध रिकामा परत येण्याचा संभव असतो. म्हणून संपूर्ण पुस्तकात व नोंदीत एकच रीत ठेवावी. ‘ऱ’ आणि ‘ॲ’ हे स्वतंत्र वर्ण वापरणे बरे. शोधशब्दांच्या रकान्यात नावाचे दुसरे, सोपे रूपही द्यावे.

फाइलीत भाषेची नोंद ‘मराठी’ अशी असावी. पुष्कळदा साधन स्वतःहून इंग्रजी अथवा हिंदी घालते, आणि लेखकाचे तिकडे लक्ष जात नाही. काही टंकांत ल व श यांची मराठी वळणे भाषेच्या या नोंदीवरूनच निवडली जातात, आणि मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावलीही उच्चार तिच्यावरूनच ठरविते. दृष्टिहीन विद्यार्थ्याला पुस्तक हिंदी उच्चारांत ऐकावे लागणे हा काही लहान दोष नव्हे.

आता बांधणी. इ-पुस्तकाचा सर्वमान्य प्रकार ईपब हा आहे. नाव भारदस्त असले, तरी ती एक बंद पेटी आहे, इतकेच. पेटीत प्रकरणांच्या फाइली, चित्रे, अनुक्रमणिका आणि आत काय काय आहे याची यादी असते. यादीत एक वस्तू आणि पेटीत दुसरी, असे झाले की फाइल नाकारली जाते. पेटीत सर्वांत आधी फाइलीचा प्रकार सांगणारी एक छोटी नोंद असावी लागते, आणि ती दाबून लहान केलेली चालत नाही. पेटी उघडून आतील चूक सुधारल्यावर संगणकाच्या नेहमीच्या आज्ञेने ती पुन्हा बंद केली, तर ही पहिली नोंद जागा सोडते व चांगली फाइलही नाकारली जाते. त्यासाठी सिजिल यांसारख्या ईपब संपादकातच दुरुस्ती करणे सोयीचे.

तपासणीसाठी ईपबचेक हे विनामूल्य साधन आहे. कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीत चूक आहे, हे ते सांगते. चुकांची लांबलचक यादी पाहून घाबरण्याचे कारण नाही. एक न मिटलेली खूण पुढे वीस तक्रारी उत्पन्न करते. पहिली चूक सुधारावी आणि पुन्हा तपासावे. नेहमी आढळणारा आणखी एक दोष चित्रांच्या नावांचा. रोमन लिपीतील नावात एके ठिकाणी मोठे अक्षर व दुसरीकडे लहान अक्षर पडले, तर लेखकाच्या संगणकावर चित्र दिसते, पण पुस्तकात दिसत नाही. फाइलींची नावे लहान रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्यावीत. प्रकरणांची शीर्षके केवळ ठळक व मोठी न करता त्यांना शीर्षकाची शैली लावावी. अनुक्रमणिका त्या शैलीवरून तयार होते.

मुखपृष्ठाविषयी फार सांगण्याजोगे नाही. किंडलसाठी २५६० बिंदू उंच व १६०० बिंदू रुंद हे प्रमाण उत्तम समजले जाते. किमान १००० गुणिले ६२५ चालते. छापखान्यासाठी केलेले चार शाईंचे चित्र जसेच्या तसे न देता पडद्याच्या तीन रंगांत बदलून द्यावे.

तिसरा थर नोंदीचा. मुखपृष्ठावरील नाव आणि रकान्यात भरलेले नाव यांत काना-मात्रेचाही फरक नसावा. नोंद परत येण्याचे हे एक ठळक कारण आहे. नावाच्या रकान्यात ‘सर्वोत्तम’, ‘विनामूल्य’ असे जाहिरातीचे शब्द घालू नयेत. लेखकाच्या नावाच्या बाबतीत आद्याक्षरानंतर एका पुस्तकात मोकळी जागा सोडली आणि दुसऱ्यात सोडली नाही, तर यंत्र दोन लेखक मानू शकते व एकाच माणसाची पुस्तके दोन ठिकाणी विखुरतात. नाव, उपनाव, वर्णन, शोधशब्द हे सर्व एका नोंदपत्रकात एकदाच शुद्ध लिहावे आणि सर्वत्र तेथूनच उतरवावे.

आयएसबीएन, अर्थात आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक, भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. किंडलवरील इ-पुस्तकाला तो सक्तीचा नाही. छापील आवृत्तीचा क्रमांक इ-पुस्तकाला मात्र कधीही देऊ नये. दोहोंना स्वतंत्र क्रमांक लागतात. २००७ सालापासून हा क्रमांक १३ अंकी आहे आणि त्याचा शेवटचा अंक पडताळ्याचा असतो. पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ व ३ यांनी गुणून बेरीज करावी. तीत पडताळ्याचा अंक मिळविल्यावर १० ने निःशेष भाग जाणारी संख्या आली पाहिजे. उदाहरणादाखल नेहमी दिला जाणारा क्रमांक ९७८-०-३०६-४०६१५-७ हा घ्या. बेरीज ९३ येते, ७ मिळविले की १०० होतात. एखादा अंक चुकला, तर पडताळा जुळत नाही व नोंद नाकारली जाते.

तथापि हा पडताळाही सर्वस्वी विश्वसनीय नाही. याच क्रमांकातील ६ व १ यांची अदलाबदल करून ४०१६५ असे लिहून पाहा. बेरीज ८३ होते, ७ मिळविले की ९०. म्हणजे चुकीचा क्रमांकही बरोबर ठरतो! शेजारच्या दोन अंकांत ५ चा फरक असला की असे घडते. असे का होते, हे सातवीच्या वर्गाला शोधण्यास द्यावे. गुणाकाराचा इतका जिवंत अभ्यास क्वचित मिळतो. लेखकाने मात्र क्रमांक मूळ पत्राशी अंक अन् अंक ताडून पाहावा.

दुरुस्त केलेली फाइल चढविल्यावर किंडलच्या तपासणीला ७२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. तेवढा धीर धरावा. मध्येच दुसरी फाइल पाठवून घोटाळा वाढवू नये. प्रत्येक फाइलीच्या नावात आवृत्तीचा अनुक्रम घालावा आणि वहीत तारीख, दोष व केलेली दुरुस्ती लिहून ठेवावी. ज्यांनी पुस्तक आधीच घेतले आहे, त्यांच्या यंत्रात सुधारलेली प्रत आपोआप पोहोचेलच असे नाही. शाळांना प्रती दिल्या असतील, तर त्यांना वेगळे कळवावे. पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर ते स्वतःच्या संगणकावर न पाहता एखाद्या साध्या मोबाइलवर, दुसऱ्याच्या हातून, केवळ नाव सांगून शोधवावे. तो नाव कसे टंकलिखित करतो आणि कोठे अडतो, ते शेजारी बसून पाहावे व त्याच वहीत टिपून घ्यावे.