एन्लार्जरचा प्रकाश कोपऱ्यापर्यंत कसा पोहोचतो?



दहावीच्या विज्ञानात भिंगांचा धडा आपण शिकतो. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर, वास्तव प्रतिमा हे सगळं पाठही करतो. पण ही भिंगं खऱ्या कामात कशी वागतात ते पाहायचं असेल, तर जुन्या फोटो स्टुडिओतल्या एन्लार्जरसारखं यंत्र नाही. आज तेच समजून घेऊ या.

आमच्या बोरगाव मेघेच्या घरी असा एक एन्लार्जर आहे. मामांचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा तो आमच्याकडे आला आणि त्याच्यासोबत निगेटिव्हचा एक डबाही आला. त्या डब्यात आईच्या शाळेचा ग्रुप फोटो निघाला. फोटोची प्रत कधीच हरवली होती, उरली होती फक्त निगेटिव्ह. आईच्या लहानपणाचा दुसरा एकही फोटो घरात नाही. मी उत्साहाने रात्री न्हाणीघरात लाल दिवा लावून प्रिंट काढली. मधले गुरुजी झकास आले. आई मात्र डाव्या टोकाला उभी होती आणि तिथे चेहऱ्याऐवजी फिकट पांढरा डाग!

इथे तुम्हाला एक प्रश्न. एन्लार्जरचा प्रकाश कोपऱ्यात कमी पडला, तर प्रिंटचा कोपरा काळा होईल की पांढरा? वर्गात बहुतेक हात ‘काळा’साठी वर जातात. पण फोटोच्या कागदाला जितका प्रकाश जास्त मिळतो, तितका तो डेव्हलपरमध्ये काळा होतो. प्रकाश कमी मिळाला की कागद पांढरा राहतो. म्हणजे माझ्या निगेटिव्हमध्ये आई होती, तिच्यापर्यंत प्रकाशच पुरेसा गेला नव्हता.

आता यंत्राची रचना बघा. सगळ्यात वर दुधी काचेचा बल्ब असतो. त्याच्याखाली कंडेन्सर, म्हणजे जाड बहिर्वक्र भिंगांची जोडी. मग निगेटिव्ह, तिच्याखाली लेन्स आणि तळाशी कागद. कंडेन्सरचं काम बल्बचा पसरणारा प्रकाश गोळा करून, निगेटिव्हमधून पार करून, लेन्सच्या तोंडात नेमका सोडण्याचं. हा कंडेन्सर निगेटिव्हच्या कर्णापेक्षा मोठा हवा. 35 मिमी फिल्मच्या चौकटीचा कर्ण साधारण 43 मिमी असतो. जुन्या रोल फिल्मची 6 × 6 सेंमीची चौकट प्रत्यक्षात 56 मिमीच्या आसपास असते आणि तिचा कर्ण जवळजवळ 79 मिमी भरतो. लहान कंडेन्सर तिला पुरणारच नाही.

माझी चूक लेन्सची होती. एन्लार्जरला 35 मिमी फिल्मसाठीची 50 मिमीची लेन्स बसवलेली होती आणि मी तिच्यातून 6 × 6 ची निगेटिव्ह छापत होतो. गणित करून बघू. फोटो चौपट मोठा करताना निगेटिव्ह लेन्सपासून 62.5 मिमी अंतरावर येते. कोपरा मध्यापासून 39.5 मिमी दूर, म्हणजे तिथला किरण सुमारे 32 अंश तिरका. पसरलेल्या प्रकाशात कोपऱ्यातली प्रखरता त्या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने कमी होते. उत्तर येतं मध्याच्या साधारण निम्मी. आता 80 मिमीची लेन्स घ्या. अंतर 100 मिमी, कोन साडेएकवीस अंश आणि कोपऱ्यात तीन-चतुर्थांश प्रकाश. त्रिकोणमिती कुठे कामाला येते असं विचारणाऱ्यांनी हे उदाहरण वहीत लिहून ठेवावं!

लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं तर कडेचे तिरके किरण लेन्सच्या नळीतच अडतात. दोन टप्पे छिद्र लहान केलं की हा दोष बराच जातो. मात्र प्रकाश चौथाई होतो, 5 सेकंदांचे 20 सेकंद द्यावे लागतात. कोनामुळे येणारी घट छिद्र लहान करून जात नाही, त्याला योग्य लेन्सच हवी.

मग सरळ मोठा बल्ब लावला तर? मीही लावून पाहिला. उष्णतेने निगेटिव्ह मधोमध फुगली आणि फोकस गेला. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, डेव्हलपर 20 अंशांवर ठेवायला बर्फाचं भांडं लागतं, त्यात ही आणखी भट्टी कशाला? त्याआधी कंडेन्सर काढून दोन्ही बाजूंनी पुसा, आतून काळवंडलेला बल्ब बदला. एवढ्यानेही प्रकाश वाढतो. आणि शेजारच्या खोलीत कूलर सुरू झाला की काय होतं ते पाहा. व्होल्टेज 10 टक्के पडलं तर तारेच्या बल्बचा प्रकाश साधारण 30 टक्के घटतो. एकाच वेळेच्या दोन प्रिंट वेगळ्या येतात त्या अशा. स्टॅबिलायझर लावा, नाहीतर कूलर बंद करून घाम गाळा.

फोटो मोठा करतानाही प्रकाश विरळ होतो. 80 मिमीच्या लेन्सने चौपट वाढवताना लेन्सपासून कागद 40 सेंमीवर असतो, आठपट वाढवताना 72 सेंमीवर. अंतर 1.8 पट, म्हणून वेळ 1.8 चा वर्ग, म्हणजे 3.24 पट. 10 सेकंदांचे 32.

प्रकाश सारखा आहे का हे तपासायची पद्धत अगदी सोपी आहे. निगेटिव्ह न लावता कागदावर थोडाच प्रकाश द्या, डेव्हलप केल्यावर कागद मध्यम राखाडी यायला हवा. एकच बाजू फिकट आली तर बल्ब बाजूला सरकलाय. चारही कोपरे फिकट आले तर बल्बची उंची थोडी वर-खाली करून पुन्हा कागद काढा. धीर लागतो, कागदही जातो. तरीही जमलं नाही तर निगेटिव्हच्या वर दुधी काच ठेवा. प्रकाश एकसारखा पसरतो, जुन्या निगेटिव्हचे ओरखडे आणि धूळही कमी दिसते. बदल्यात प्रखरता आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी होतो, त्यासाठी जास्त कॉन्ट्रास्टचा कागद घ्यायचा. एलईडी लावणाऱ्यांनाही ही काच हवीच, नाहीतर तिचे ठिपके कागदावर उमटतात.

सेवाग्रामला बापूकुटी पाहायला जाल तेव्हा तिथल्या लहान खिडक्या नीट बघा. कनू गांधी यांनी गांधीजींचे फोटो काढले ते अशाच उजेडात. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या 100 रुपयांतून त्यांचा रोलीफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींच्या अटी तीन: फ्लॅश नको, कुणाला पोझ द्यायला सांगायचं नाही आणि आश्रमाचा पैसा मिळणार नाही. रोलीफ्लेक्सची निगेटिव्हही 6 × 6 चीच. कमी उजेडात घेतलेल्या निगेटिव्हमध्ये सावलीचा भाग पातळ असतो. तिथे तपशील आधीच थोडा, म्हणून छापताना प्रकाशाची कमी-जास्त लगेच डोळ्यात भरते. मला वाटतं, त्या फोटोंचं कौतुक करताना ते डार्करूममध्ये छापणाऱ्या हातांचीही आठवण काढायला हवी.

आमच्या निगेटिव्हचं सांगायचं राहिलं. 80 मिमीची जुनी लेन्स मिळाली, मोठा कंडेन्सर डब्याच्या तळाशीच होता. तिसऱ्या रात्री प्रिंट ट्रेमध्ये टाकली. आधी गुरुजी उमटले, मग मागची भिंत, मग डावं टोक. आई शेजारी उभी होती. लाल उजेडात वाकून तिने स्वतःलाच शोधलं आणि म्हणाली, “अगं बाई, पाटी उलटी धरली होती मी!”