आधी म्हण, मग मोज

बाय, कवितेखाली ‘यमक सुंदर आहे’ एवढंच लिहून मोकळी होऊ नकोस. यमक कुठे पडलंय आणि तिथेच का, ते शोध. वही मात्र नंतर उघड. आधी ओळ मोठ्याने म्हण. हे बघ, आपल्या जूचंद्र गावावरच रचलंय:

डोंगराची माय । पाहे गाव सारे ।
अंगणात तारे । रांगोळीचे ॥

बोटांवर मोज: सहा, सहा, सहा, चार. जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. हा मोठा अभंग, तुकोबांचे कितीतरी अभंग याच मापाचे. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात आहे, सारे आणि तारे. चौथा चरण आखूड, त्याला यमकही नाही. कान तोच नाद पुन्हा मागतो, मिळत नाही, म्हणून ‘रांगोळीचे’पाशी थबकतो. आणि तारे आभाळातले नव्हेत, हेही तिथेच कळतं. रसग्रहणात लिहायचं ते हे.

ज्ञानेश्वरीतल्या ओवीतही चौथा चरण असाच तोकडा, पण यमक पहिल्या तिन्ही चरणांना आणि अक्षरसंख्या सैल. म्हणूनच ती नऊ हजारांवर ओव्यांचं निरूपण न अडखळता पेलते, असं मला वाटतं.

मनाच्या श्लोकांत नुसती अक्षरं मोजून भागत नाही. भुजंगप्रयातात ओळीला बारा अक्षरं, पण लघु-गुरु-गुरु हा क्रम चारदा यावाच लागतो. अक्षरसंख्येचे छंद, मात्रांच्या जाती आणि लघु-गुरूंच्या ठरीव क्रमाची वृत्तं यांची नीट मांडणी माधव जूलियनांच्या ‘छंदोरचने’त (१९२७) आहे. ग्रंथालयातून आणच.

आणि लग्नात गायचे आपले धवले विसरू नकोस गो. महानुभाव पंथातल्या महदाइसेचे तेराव्या शतकातले धवळेही लग्नाचेच. हळदीला धवलारीण गाते ते कागदावर उतरवलंस, तर ओळी लांब-आखूड दिसतील. त्याला ‘सदोष छंद’ म्हणशील तर मला फार वाईट वाटेल. ती एखादं अक्षर ओढते, मध्ये ‘गो’ घालते, शेवटचा तुकडा पुन्हा घेते. माप गळ्यात पुरं होतं. पुढच्या लग्नात तिला विचारून मोबाइलवर रेकॉर्ड कर. ओढलेल्या अक्षरापुढे रेघ मार, पुन्हा घेतलेला तुकडा पुन्हा लिही. मग मोजायला बस, मीही येते.