आधी मांजरपाट, मग जॉर्जेट

पुणे

चि. मुक्ता हिस,


'सेलर मून'मधल्या प्रिन्सेस सेरेनिटीचं चित्र मिळालं. कॉमिक कॉनसाठी हा गाऊन विकत न आणता स्वतः शिवायचं तू ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला. पण एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की कर. चित्रातल्या कापडाला वजन नसतं, तुझ्या कापडाला असणार आहे. ते वजन अंगावर कुठे पेलायचं, हे आधी ठरव.

राजकन्या म्हटलं की घेरदार झगाच डोळ्यांपुढे येतो आणि आत कॅनकॅन लावावासा वाटतो. इथे तो लावू नकोस. 'सेलर मून' रेखाटणाऱ्या नाओको ताकेउची यांनी हा पोशाख डिओरच्या १९९२ सालच्या 'पॅलाडिओ' गाऊनवरून घेतला. जानफ्रांको फेर्रे यांनी बेतलेला तो गाऊन पांढरा, सडसडीत आणि दगडी खांबावरच्या खोबणींसारख्या उभ्या चुण्यांचा आहे. म्हणून कडक सॅटिन नको. अंगासरशी पडणारं जॉर्जेट घे, खाली क्रेपचं दुहेरी अस्तर. पांढऱ्यातही छटा असतात, तेव्हा मंगलदास मार्केटात दोन्ही कापडं दुकानाबाहेर उजेडात आणून शेजारी धरून बघ.

आता हिशेब. छातीखालचा घेर ३० इंच धरला, तर चुण्यांना त्याच्या निदान तिप्पट कापड लागतं. ४४ इंच पन्ह्याचे तीन पाट जोडलेस की १३२ इंच होतात, म्हणजे चुण्या दाट पडतील. प्रत्येक पाट ४८ इंच लांब धर. ते जवळजवळ पावणेचार मीटर झाले. वरचा भाग, बाह्यांचे फुगे आणि बो धरून साडेपाच मीटर घे.

खरं काम आतलं आहे, आणि ते कुणाला दिसणार नाही. खांदे उघडे असल्यामुळे त्यांच्यावर भार टाकता येत नाही. म्हणून जाड सुती कापडाची प्रिन्सेस कट चोळी कमरेपर्यंत शिव, उभ्या शिवणींत बोनिंग घाल आणि कमरेशी आतून न ताणणारी पट्टी लावून तिला हूक बसव. पट्टी घट्ट बसली की भार कमरेवर येतो आणि गळा सारखा वर ओढावा लागत नाही. पाठीवरचा मोठा बो याच चोळीला शिव. नुसत्या जॉर्जेटला शिवलास तर कापड ओढलं जाईल.

छातीवरच्या सोनेरी कड्यांसाठी मी रविवार पेठेतून डोरी पाठवते. कडी आधी कागदाची कापून चोळीवर टाचून बघ. समोरून सारखी दिसणारी कडी बगलेकडे वळली की अरुंद भासतात, तिथे ती किंचित रुंद करावी लागतात. डोरी गोंदाने चिकटवू नकोस, गोंदाचा डाग जॉर्जेटवर उमटतो. खालून बारीक हातटाके घाल.

जॉर्जेट मशीनवर सरकतं. ११ नंबरची सुई लाव, आधी धावदोरा घाल, मगच टीप मार. शिवून झाल्यावर गाऊन एक दिवस टांगून ठेव. कापड आपल्या वजनाने खाली उतरतं आणि घेर कुठेतरी लांब होतो. कॉमिक कॉनला जे बूट घालणार आहेस, तेच पायात घालून उभी राहा आणि आईला खालची कड टाचायला सांग.

हे सगळं वाचून दडपण घेऊ नकोस. तुला ब्लाउज शिवता येतो, म्हणजे यातलं निम्मं तुला येतंच. घाई मात्र करू नकोस. या रविवारी आधी मापासाठी मांजरपाटाची कच्ची चोळी काप, दीड इंच माया सोडून शिव, अंगात घालून बस, वाक, हात वर कर. जिथे काचेल तिथे उसव आणि परत टीप मार. मनासारखी बसली की पुढून, मागून आणि बाजूने फोटो पाठव. माझं उत्तर येईपर्यंत जॉर्जेटला कात्री लावायची नाही.

तुझी,
आत्या