अज्ञान मुलाची नुकसानभरपाई : रक्षण आणि वसुली

अपघातात आठ वर्षांच्या एका मुलाचा पाय कायमचा अधू होतो, असे समजू या. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्यास भरपाई मंजूर करते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तो बँकेत चौकशीस जातो, तेव्हा ती रक्कम घराचे छप्पर, थोरल्या बहिणीचे लग्न व सोसायटीची थकबाकी यांत केव्हाच खर्ची पडल्याचे त्यास समजते. आईवडिलांचा हेतू वाईट होता असे नव्हे. परंतु तो पैसा त्यांचा नव्हता. असा प्रसंग उद्भवल्यास काय करता येते, आणि तो मुळातच कसा टाळता येतो, हे गावातील जाणत्या मंडळींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पैसा कोणाचा?

ही भरपाई मुलाच्या वेदनेची, अपंगत्वाची व बुडालेल्या भावी कमाईची असते. म्हणून तिचा मालक मुलगाच होय. पालक व पाल्य यांचे नाते विश्वासाचे असून पालकाने त्यातून स्वतःचा लाभ साधता कामा नये, असे १८९० चा पालक व पाल्य अधिनियम सांगतो. मुलाच्या औषधोपचारासाठी वा शिक्षणासाठी केलेला वाजवी खर्च योग्य ठरतो. बापाचे कर्ज फेडणे हा मुलाच्या हिताचा खर्च नव्हे.

आधीची खबरदारी

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ नुसार वादमित्रास न्यायालयाच्या परवानगीवाचून अज्ञानाच्या वतीने रक्कम स्वीकारता येत नाही वा तडजोड करता येत नाही. केरळ राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात (१९९४ साली प्रसिद्ध झालेला निर्णय) सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. अज्ञानाची रक्कम किमान तो सज्ञान होईपर्यंत दीर्घ मुदतीच्या ठेवीत गुंतवावी आणि त्या ठेवीवर बँकेने कर्ज वा उचल देऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. मुलाच्या गरजेसाठी रक्कम काढावयाची झाल्यास न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.

रक्कम खर्च झाली असल्यास

सज्ञान झालेल्या मुलास पालकांकडे हिशेब मागण्याचा व अयोग्य रीतीने खर्च झालेली रक्कम दिवाणी दाव्याने मागण्याचा मार्ग मोकळा असतो. १९६३ च्या मुदत अधिनियमानुसार असा दावा सामान्यतः अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत, म्हणजे एकविसावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वी, दाखल करणे श्रेयस्कर. त्यासाठी निवाड्याची नक्कल, ठेवीची पावती, बँकेचा उतारा व रक्कम काढण्यास परवानगी देणारे आदेश प्रथम मिळवावेत. परवानगी ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी पैसा खर्च झाला काय, हे त्यांवरून ताडून पाहता येते.

तथापि पालकांजवळ काहीच शिल्लक नसेल, तर हुकूमनामा हाती येऊनही वसुली होत नाही. शिवाय आईबापांविरुद्ध न्यायालयात उभे राहणे कोणत्याही मुलास सोपे नसते. म्हणून हप्त्याने परतफेड वा जमिनीतील हिस्सा असा लेखी समझोता आधी पाहावा. मात्र बोलणी चालू असता मुदत टळू देऊ नये.

आपले कर्तव्य

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रिया, बालके व अपंग व्यक्ती मोफत कायदेविषयक साहाय्यास पात्र आहेत. तालुका विधी सेवा समितीकडे त्यांना पोहोचविण्याचे काम शिक्षक व पंचायत सदस्य सहज करू शकतात. गावातील एखाद्या मुलास भरपाई मिळाल्याचे कळताच ठेव त्याच्याच नावे आहे ना, एवढी विचारपूस आस्थेने केली, तरी पुढचा कलह व त्या मुलाची परवड टळेल.