रायफलीचा नेम : नवशिक्यांस पहिला पाठ

जोंधळा हुरड्यास आला म्हणजे रोही व रानडुकरें शेतांत शिरतात आणि परभणी जिल्ह्यांतील आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंच्या मनांत बंदुकीचा विचार येतो. परवाना मिळाला तरी नेम शिकावाच लागतो. चुकलेली गोळी शेजारच्या माळ्यावरील राखणदारासहि लागूं शकते. म्हणून बंदूक सदैव भरलेलीच समजावी, नळी माणसाकडे वळवूं नये व नेम धरीपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावें.

आरंभ हवाई रायफलीनें, दहा मीटरांवरून करावा. दस्ता खांद्याच्या खोबणींत घट्ट बसवून गाल त्यावर टेकावा. भार हाडांवर द्यावा. स्नायु थकून कांपतात. मागील खाचेच्या मध्यभागीं पुढील माशी आणावी. दृष्टि माशीवर असावी. लक्ष्य किंचित् अंधुक दिसलें तरी चिंता नाहीं. अर्धा श्वास सोडून थांबावें व चाप झटका न देतां हळूहळू सरळ मागें दाबावा. सात-आठ सेकंदांत बार न झाल्यास बंदूक खालीं घेऊन पुन्हां आरंभ करावा.

पांच छरे एकाच जागीं, पण मध्यापासून दूर लागले तर खाच सरकवावी. विखुरले तर दोष हाताचा समजावा.

राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें पन्नास मीटर रायफलींत ऑलिंपिकचें कांस्यपदक मिळविलें. खेड्यांतील हातांसहि ही विद्या साधते, हें यावरून दिसतें.

मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये रोही वा रानडुक्कर परवानगीवांचून मारणें गुन्हा आहे. बार केव्हां करूं नये, हें ज्यास कळलें त्याच्याच हातीं बंदूक शोभते.