स्वमग्नता : व्याधी की प्रकृतिभेद?

"वैद्यसाहेब, हा बरा होईल ना?" तीन-चार वर्षांच्या, अद्याप न बोलणाऱ्या, हाकेला प्रतिसाद न देणाऱ्या बालकास घेऊन आलेले पालक हा एकच प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आपण दुसऱ्या एका प्रश्नाचा निर्णय करणे अगत्याचे आहे. स्वमग्नता अर्थात ऑटिझम हा व्याधी आहे, की मनुष्यस्वभावातील एक भेद? हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. एकदा व्याधी म्हटले की औषध, मात्रा आणि 'बरे होणे' ओघानेच येते.

आधुनिक विचाराची वाटचाल

1943 साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अशा 11 बालकांचे वर्णन प्रसिद्ध केले. 1944 मध्ये व्हिएन्नातील हान्स अ‍ॅस्परगर यांनी तत्सम मुलांविषयी लिहिले. पुढे काही काळ मातेच्या रुक्ष वागणुकीवर दोष ठेवला गेला. ते मत आता पूर्णतः त्याज्य ठरले आहे. 2013 साली अमेरिकन मनोविकार संघटनेने निरनिराळे उपप्रकार एकाच विस्तृत वर्णपटात समाविष्ट केले. नावात मात्र 'विकार' हा शब्द कायम राहिला.

दुसरा प्रवाह स्वतः स्वमग्न असलेल्या व्यक्तींचा आहे. आमच्यासाठी शोक करू नका, असे जिम सिंक्लेअर यांनी 1993 मध्ये पालकांना सांगितले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मेंदूच्या वैविध्याची कल्पना पुढे आली. आपल्याकडील 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. व्यक्तीतील उणीव आणि समाजातील अडथळे यांच्या संयोगातून दिव्यांगत्व निर्माण होते, अशी त्या कायद्याची भूमिका आहे.

संहितांचा आधार

हा वाद आपल्या शास्त्रास अपरिचित नाही. चरकाचार्यांनी समप्रकृतीच्या व्यक्तींनाच निरोगी मानून वातलादींना सदैव आतुर म्हटले. सुश्रुताचार्यांनी मात्र विषात जन्मलेल्या कीटकाचा दृष्टांत दिला : त्याला जसे ते विष मारत नाही, तशी जन्मजात प्रकृती मनुष्यास बाधत नाही. एकाच प्रश्नाच्या या दोन बाजू आहेत.

काही वैद्यबंधू स्वमग्नतेस उन्मादात बसवितात. चरकोक्त उन्मादात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. परंतु विभ्रम म्हणजे जे आधी नीट होते ते बिघडणे. स्वमग्न बालकाची घडणच प्रारंभापासून निराळी असते. म्हणून केवळ लक्षणसाम्यावरून उन्मादाची चिकित्सा योजणे आम्हांस युक्त वाटत नाही.

निर्णयाची कसोटीही सुश्रुतातच आहे. ज्याच्या संयोगाने पुरुषास दुःख होते तो व्याधी. येथे दुःख कोणाचे, हे पाहावयाचे. बालक वस्तूंची रांग लावते, आनंदाने हात हलविते, नजरेस नजर देत नाही. यांत संकोच शेजाऱ्यांना वाटतो, दुःख बालकाला नाही. तेथे औषधाचे प्रयोजन नाही. परंतु मलावष्टंभ, निद्रानाश, अपस्मार, मोजकेच पदार्थ खाण्याने होणारे कुपोषण, आवाजाने होणारी असह्य पीडा, वेदना सांगता न येणे, ही बालकाचीच दुःखे आहेत. त्यांचा उपचार न करणे हा अपराध होय. काही जणांना आयुष्यभर दुसऱ्याचा आधार लागतो. त्यांच्या कुटुंबास 'हा फक्त वेगळेपणा आहे' असे सांगून परत पाठविणेही तितकेच निर्दय आहे.

चिकित्सालयात

बालक अकस्मात डोके आपटू लागले, तर ते 'स्वभाव' म्हणून सोडू नये. कान, दात व उदर प्रथम तपासावे. बोलणे उशिरा येत असल्यास श्रवणतपासणी अवश्य करवावी. आलेली भाषा लोपल्यास विनाविलंब बालमेंदूतज्ज्ञाकडे पाठवावे. अपस्माराचे चालू औषध आपण बंद करू नये. वाचा-उपचार व व्यवसायोपचार लवकर सुरू व्हावेत. आपल्या औषधाच्या प्रतीक्षेत ती वर्षे जाऊ देऊ नयेत.

औषधालयांसाठी

स्वमग्नतेचे मूळ स्वरूप पालटणारे औषध आजमितीस कोणत्याही पद्धतीत सिद्ध झालेले नाही. तथापि 'बुद्धिवर्धक' म्हणून रसकल्प महिनोन्‌महिने दिले जातात. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेटवरून घेतलेल्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पंचमांशात शिसे, पारद किंवा सोमल आढळले. शिसे बालकाच्या मेंदूस घातक आहे, आणि हे बालक त्रास सांगू शकत नाही. उलट टोकाचे उदाहरणही स्मरणात ठेवावे. शरीरातील धातू बाहेर काढण्याच्या उपचारात 2005 साली अमेरिकेत एका पाच वर्षांच्या स्वमग्न मुलाचा मृत्यू झाला. म्हणून चिठ्ठीविना रसौषधी देऊ नये, आणि 'हमखास गुण' असा फलक दुकानात लावू नये.

उपसंहार

आमचे मत असे : स्वमग्नता ही त्या बालकाची घडण आहे, तिला चिकटलेले दुःख हा व्याधी आहे. घडणीचा आदर करावा, दुःखाची चिकित्सा करावी. तेव्हा पालकांच्या त्या प्रश्नास आपले उत्तर असावे, "हा दुसरा कोणी होणार नाही. पण याला नीट झोप लागेल, पोट साफ राहील, आपले म्हणणे सांगण्याची काहीतरी वाट सापडेल, यासाठी आपण मिळून प्रयत्न करू." हे उत्तर औषधाच्या पुडीहून देण्यास कठीण आहे, तथापि सत्य आहे.